यादीत नसलेलं आठवं नाव

आमच्या बेटावर, सेरो ओंदोच्या डोंगरावर, कुणाचा टीव्ही बिघडला की तो डॉन एलिओडोरोंकडे जायचा, आणि बरेचदा तिथेच राहायचा. चाळीस वर्षांचे सुटे भाग त्यांनी कॉफीच्या डब्यांत भरून ठेवले होते. त्यांची बायको डोन्या ओब्दुलिया म्हणायची, "मी मेले की मलाही डब्यात भरून चिठ्ठी लावशील तू."

चक्रीवादळानं पूल नेला, फोन गेले. चर्चमागे मी सगळ्यांसाठी चूल पेटवली होती. डोंगरावर सात माणसं इन्सुलिनवर, आणि औषध उरलेलं आठवड्यापुरतं. साहेब लोक हेलिकॉप्टरनं आले, फोटो काढून गेले. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

उरला डॉन एलिओडोरोंचा हौशी रेडिओ, ज्यावरून दूरच्या माणसांशी बोलताही येतं. त्यांनी राजधानीतल्या, सान हुआनच्या रेडिओवाल्यांना सातही जणांची नावं आणि डोस यांची यादी वाचून दाखवली. खरखर इतकी, की तिकडून परत वाचली तेव्हा निम्मे आकडे चुकलेले.

"डोस चुकला तर माणूस जाईल!" मी ओरडले.

"ओरडून आकडे सुधारत नाहीत, पोरी. लिहून पाठवू."

नातीचा जुना लॅपटॉप त्यांनी चुलीजवळच ट्रकच्या बॅटरीवर चालवला. लॅपटॉपमधलं साउंड कार्ड अक्षरांचे सूर करतं, रेडिओ ते सूर हवेत सोडतो, पलीकडचा लॅपटॉप त्यांची पुन्हा अक्षरं करतो. पण सरळ वायर जोडली तर नुसती घरघर, आणि सूर हवेत सोडला की पडदा जागीच गोठायचा.

"नवरा-बायकोसारखं आहे हे," ते म्हणाले. "थेट भिडवलं की भांडण. मध्ये कुणीतरी हवं."

एका मोडक्या आन्सरिंग मशीनमधून त्यांनी बोटाच्या पेराएवढे दोन ट्रान्सफॉर्मर काढले. त्यांतून आवाज पलीकडे जातो, पण वायर वायरला शिवत नाही. ते सार्डिनच्या रिकाम्या डबीत बसवले. घरघर थांबली, पडदाही गोठेना. बोलताना बटण दाबायची कटकटही नव्हती. लॅपटॉपमधून आवाज आला की रेडिओ आपोआप बोलू लागायचा.

तिथेच म्हातारा फसला. लॅपटॉपचे बाकीचे आवाज बंद करायला विसरला.

चार वाजता यादी अर्धी गेली होती. तेवढ्यात लॅपटॉपमधून ओब्दुलियाबाईंचा आवाज कडाडला. नातीनं वादळाआधी भरून ठेवलेला गजर होता तो: "एलिओडोरो! प्रेशरची गोळी! आणि जिभेखाली लपवू नकोस, मेल्या!"

अख्ख्या बेटानं ऐकलं. यादीचा चुथडा झाला.

मी डोकं धरलं. पडद्यावर सान हुआनहून अक्षरं उमटली, मी ती मोठ्यानं वाचली: "पुन्हा पाठवा. आणि त्या गृहस्थांनी गोळी घेतली का?"

चुलीपाशी ओब्दुलियाबाई हसत होत्या. "घेतली म्हणावं! रोज माझ्यासमोर चघळतो."

डॉन एलिओडोरोंचे हात थांबले. रेडिओवर खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. त्यांनी टाइप केलं: "नाही. दहा दिवस झाले, संपल्या."

बाईंनी पुढे येऊन वाचलं. "मग चघळतोस काय?"

"पुदिन्याच्या."

"आणि यादीत नाव का नाही?"

"यादी इन्सुलिनची आहे, बाई."

मी लोकांच्या हक्कांसाठी रस्त्यावर भांडणारी बाई. माझ्या नाकासमोर हा माणूस स्वतःला वगळत होता आणि मला पत्ता नव्हता. राग आला, तोही माझाच.

गजर बंद करून यादी पुन्हा गेली. या वेळी सान हुआननं सातही नावं, सातही डोस जसेच्या तसे परत लिहिले. तिसऱ्या दिवशी नदीवर बांधलेल्या दोरीवरून पेटी सरकत आली. आत सात पाकिटं, आणि एक आठवं. त्यावर लिहिलं होतं: "गोळी. जिभेखाली लपवू नये."

ओब्दुलियाबाईंनी पाकीट उघडलं, एक गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तोंड उघड. आता बेट बघतंय."