शेपटीकडचा वाटा

मारिहोतचा आवाज असा, की चर्चमध्ये त्याने पहिलं कडवं उचललं की सरोवराकाठच्या म्हशी माना वर करतात. सरोवरातल्या सामोसिर बेटावरच्या आमच्या वस्तीत गाण्यात, भाषणात आणि डुकराचं मांस तोडण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. हे आम्ही म्हणत नाही, तोच म्हणतो. पण खोटं म्हणत नाही. या माणसाने आयुष्यात एकच खोटं सांगितलं, आणि ते अकरा वर्षं पुरलं.

आमच्याकडे समारंभाचं मांस नुसतं पोटात जाण्यासाठी नसतं. कोण कोणाचा कोण लागतो, ते मांस सांगतं. डोकं कोणाला, जबडा कोणाला, बरगडी कोणाला, सगळं ठरलेलं. शेपटीकडचा वाटा, शेपटीसकट, जातो बायकोच्या माहेरी. माहेरची माणसं चटईवर पहिल्या रांगेत, खांद्यावर विणलेला शेला टाकून. आणि जावई? जावई मागच्या अंगणात, चुलीपाशी, कढया घासत. जावयाला पाटावर बसवून वारा घालणारे लोक जगात कुठे असतील तर असोत बापडे. आमच्याकडे त्यांना वेड्यात काढतील.

अकरा वर्षांपूर्वी मारिहोतचा बाप गेला, तेव्हा वाटे पुकारायला म्हातारा जाबांगुन उभा होता. वय ऐंशी, पण कुठलं घर कुठल्या घराचं काय लागतं हे त्याच्या जिभेवर. शेपटीकडच्या वाट्याचं ताट त्याने उचललं. मारिहोतच्या बायकोचा भाऊ, तोगाप, शेला सारखा करून दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. आणि जाबांगुनने नाव पुकारलं ते दुसऱ्याच घराचं! मारिहोतच्या धाकट्या भावाच्या सासुरवाडीचं. त्यात मेदान शहरातून गाडीने आलेला एक साहेब होता, चकचकीत बुटांचा. ताट साहेबाकडे गेलं. तोगापचे हात हवेतच राहिले.

तोगापने ते हात खाली घेतले, चटई गुंडाळली आणि आपली चाळीस माणसं घेऊन उपाशी चालता झाला.

"म्हातारा चुकला. वय झालं, काय करणार," मारिहोत म्हणाला. सगळी वस्ती तेच म्हणाली. जाबांगुनला पुन्हा कोणी वाटे पुकारायला बोलावलं नाही. चार वर्षांनी तो गेला, आणि चूकही त्याच्याबरोबर पुरली गेली, असं मारिहोतला वाटलं.

आता यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. चर्चने मारिहोतला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा मानकरी, म्हणून निवडलं. त्या मानाचा काळा कोट शिवून झाला, आणि मारिहोतने तो घरात तीनदा घालून पाहिला. चौथ्यांदा शेजारणीला दिसला, म्हणून आम्हाला कळलं. दुसरी गोष्ट म्हणजे मुलीचं, साउरचं, लग्न ठरलं. आमच्याकडे मामाने खांद्यावर शेला घातल्याशिवाय मुलगी अर्धीच नांदायला जाते. आणि मामा कोण? तोगाप. त्याने निरोप धाडला होता, एका ओळीचा: शेला त्या साहेबाकडून घालून घ्या.

मारिहोतची बायको तिउर्मा ती ओळ ऐकून दोन दिवस जेवली नव्हती.

त्याच आठवड्यात बुधवारची प्रार्थना मारिहोतच्या घरी होती. चर्चच्या सेविका रुमोन्दांगबाई यायच्या. बुटक्या, चष्म्याच्या, आणि प्रश्न असे विचारायच्या की माणसाने खिडकीबाहेर बघावं. शुभवर्तमान मिटून त्या म्हणाल्या, "येशू आपल्या समारंभाला आला, तर त्याला कुठे बसवाल?"

झालं! सगळ्यांना कंठ फुटला.

"चटईवर. राजा आहे तो."

"पण कुठल्या रांगेत? त्याचं कूळ कुठलं धरायचं?"

"दाविद राजाचं."

"ते आपल्याला काय लागतात?"

"आधी मामा कोण ते बघा, मग रांग ठरेल!"

मारिहोतने घसा साफ केला. घर शांत झालं. "पहिल्या रांगेत, मधोमध," तो म्हणाला. "आणि शेपटीकडचा वाटा मी माझ्या हाताने त्याच्यापुढे ठेवीन."

"तोवर मेदानहून कोणी साहेब आला नाही म्हणजे मिळवली," तिउर्मा भिंतीशी पुटपुटली.

घर हसून हसून लोळलं. मारिहोत हसला नाही.

रुमोन्दांगबाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या. "बसवाल हो तुम्ही. पण तो बसेल का? शेवटच्या संध्याकाळी जेवताना उठून, कमरेला पंचा बांधून त्याने पाय कोणाचे धुतले? आपल्याच शिष्यांचे. मला वाटतं, तुम्ही चटईवर शोधत राहाल आणि तो मागच्या अंगणात भांडी घासत असेल. जावयांच्यात."

"राजा आणि कढया घासणार?" कोणीतरी म्हणालं.

"म्हणूनच विचारलं. तो कोण आहे ते नीट कळलं नाही, तर माणूस आयुष्यभर रिकाम्या चटईला नमस्कार करतो."

लोक चहा पिऊन गेले. मारिहोतने बाईंना दारात गाठलं, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. जाबांगुन चुकला नव्हता. ताट उचलायच्या आधी मारिहोतनेच त्याच्या कानात साहेबाच्या घराचं नाव सांगितलं होतं. साहेब मारिहोतच्या मोठ्या मुलाला नोकरीला लावणार होता. म्हातारा म्हणाला, हे बरोबर नाही. मारिहोत म्हणाला, घर माझं, बाप माझा, पुकारा. आणि साहेबाने पुढे नोकरी लावली ती आपल्या मेहुण्याच्या पोराला.

"सांगितलं," मारिहोतने श्वास सोडला. "आता हलकं वाटतं."

"वाटणारच," बाई चपला घालत म्हणाल्या. "पहिल्यांदाही कानातच सांगितलं होतंत ना?"

आणि गेल्या.

मारिहोत घरात आला. तिउर्मा भाताचं भांडं खरवडत होती. तिलाही सगळं सांगितलं, या वेळी कानात नाही. तिने भांडं खाली ठेवलं.

"साउरचे बाबा, अकरा वर्षं मी त्या म्हाताऱ्याला शिव्या दिल्या. रोज, चूल पेटवताना. माझी आई गेली तेव्हा मी भावाच्या घरी परक्या बाईसारखी दारात बसले. आणि तुम्ही शेजारी बसून म्हणत होतात, वय झालं होतं बिचाऱ्याचं!"

"हो."

"हो काय?"

"हो म्हणजे हो. मी तोगापकडे जातो."

"तो दार उघडणार नाही."

"न उघडो."

शनिवारी त्याने डुकराचं मांस रांधलं, भात केला, रीतीप्रमाणे टोपलीत बांधला आणि तोगापच्या दारात जाऊन उभा राहिला. तोगापची बायको खिडकीत आली. "घरी नाहीत."

आतून तोगापचा आवाज आला, "सांग त्याला, मी घरी नाही!"

"ते म्हणतायत, ते घरी नाहीत," ती म्हणाली. बिचारी तरी काय करणार?

मारिहोत तीन शनिवार गेला. तिसऱ्या शनिवारपर्यंत समोरच्या ताडीच्या दुकानात लोक वेळेवर जागा धरून बसायला लागले. "आला, आला! आज टोपली मोठी आहे." परत येताना टोपली तशीच, म्हणून ताडीवाल्यांनी हाक मारली, "अहो वडील, आम्हीही कोणाचे तरी मेहुणेच आहोत!" मारिहोतने टोपली तिथेच ठेवली आणि घरी गेला. मांस उत्तम होतं. कोणी खाल्लं ते विचारू नका.

मग तोगापच्या नव्या घराचा प्रवेश आला. सगळ्या बेटाला आमंत्रण, मारिहोतला नाही. पण आमच्याकडे बायकोच्या भावाच्या घरचं कार्य म्हणजे जावयांनी राबायचं, त्याला आमंत्रण लागत नाही. घरच्या माणसाला कोणी पत्रिका धाडतं का? अकरा वर्षं मारिहोत यातूनच सुटका झाली म्हणून खूश होता.

पहाटे त्याने कोट खुंटीला ठेवला. कमरेला चौकड्यांचा पंचा बांधला, सुरा घेतला आणि तिउर्माला म्हणाला, "चल. आज मी सांगणार आहे. सगळ्यांपुढे."

"कोट जाईल हो हातचा."

"जाऊ दे."

"आणि त्याने हाकललं तर?"

"तर कढया घासून झाल्यावर जाईन. आधी नाही."

मागच्या अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. तोगापच्या धाकट्या बहिणीचा नवरा होतलान चुलीवरचा मुख्य. तोंडाचा फटकळ. त्याने मारिहोतला बघितलं आणि हातातला डाव खाली घेतला. "लाए! चटया पुढच्या बाजूला आहेत." मेहुणे काय, साडू काय, एकमेकांना लाए म्हणतात आमच्याकडे, पण त्याचा सूर तसा नव्हता.

"मला कढई दे."

"वडील झालात ना? मोठ्या माणसाने काळं होऊ नये."

"सगळ्यात मोठी दे."

होतलानने खरंच सगळ्यात मोठी दिली. आत माणूस झोपेल अशी, तळाला तीन समारंभांची काजळी. मारिहोत उकिडवा बसला, राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि घासायला लागला. बायका कांदे चिरायच्या थांबल्या. हळूहळू पुढच्या अंगणातले लोक काही ना काही निमित्त काढून मागे येऊन जायला लागले. एकाच माणसाला चार वेळा मीठ कमी पडलं!

उन्हं वर आली तेव्हा तोगाप रश्श्याची चव बघायला आला. मारिहोत कोपरापर्यंत काळा. दोघांची नजर भिडली. तोगापने डाव तोंडाला लावला, म्हणाला, "डोंगरी मिरी कमी आहे," आणि गेला. हे तो होतलानला म्हणाला, पण मिरी वाटली मारिहोतने.

जेवणं वाढायच्या आधी, वाटे पुकारायच्या वेळी, जावयांना ताटं घेऊन पुढे जावं लागतं. पुकारणारा रीतीप्रमाणे विचारतो, राबणाऱ्यांना काही बोलायचंय का? एरवी कोणी बोलत नाही, भूक लागलेली असते. मारिहोत मधोमध उभा राहिला. ओला पंचा, काळे हात. पहिल्या रांगेत चर्चचे पाळक बसलेले, त्यांच्याशेजारी रुमोन्दांगबाई.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. आज त्या आवाजाने म्हशी हलल्या नाहीत, पण माणसं हलली. "माझ्या बापाच्या दिवशी जाबांगुनआजोबा चुकले नव्हते. तोगापचा वाटा मी फिरवला. साहेबाची मर्जी धरायला मी त्यांच्या कानात नाव सांगितलं. ते नको म्हणत होते. नंतर मी त्यांच्या म्हातारपणावर ढकललं आणि ते जाईपर्यंत गप्प बसलो. तोगापचा अपमान मी केला. त्या म्हाताऱ्याचं नाव मी बुडवलं. मला कोणी वडील म्हणू नका. मी येशूला प्रभू म्हणतो, आणि तो कुठे बसतो हे मला आत्ताआत्ता कळलंय. त्याच्या मागे जायचं तर इथूनच वाट आहे, दुसरी मला दिसत नाही."

कोपऱ्यातून जाबांगुनच्या म्हातारीने पानाची पिचकारी टाकली. "मला ठाऊक होतं. त्यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं."

"मग आजी, तुम्ही बोलला का नाहीत?" पुकारणाऱ्याने विचारलं.

"ते म्हणाले, बोलू नकोस, तो पोरगा स्वतः बोलेल. मी म्हटलं, कधी, तुमचे दात पडल्यावर?" म्हातारीने मारिहोतकडे पाहिलं. "त्याचे स्वतःचेच पडायला आलेत. बरं, ताटं थंड होतायत."

सगळे तोगापकडे बघत होते. तोगाप पुकारणाऱ्याकडे बघत होता. त्याने हाताने खूण केली, चालू दे. वाटे पुकारले गेले. जबड्याचा वाटा राबणाऱ्या जावयांचा. त्यावर होतलानचं नाव पुकारलं गेलं. मारिहोतचं नाही. तिउर्माने ते ऐकलं आणि तोंडावर हात धरून मागे गेली. मारिहोतने ताटं वाढली, पाणी वाढलं, उष्टी गोळा केली, आणि मागे येऊन पुन्हा कढईपाशी बसला. अजून दोन बाकी होत्या.

जाता जाता पाळक मागे डोकावले. म्हणाले, "कोट वर्षभर खुंटीलाच राहू दे, मारिहोत. मग बघू."

"राहू दे," मारिहोत म्हणाला, आणि शेंडी राखेत बुडवली.

पाहुणे पांगले. ऊन उतरलं. तेवढ्यात तोगाप मागच्या अंगणात आला. अंगावर अजून शेला. तो कढईभोवती एकदा फिरला, वाकून पाहिलं.

"काजळी राहिलीय."

"कुठे?"

"कानाखाली. तुला घासणं कधी जमलंच नाही. आधी राबायला यायचास तेव्हाही नाही."

त्याने शेला काढून कुंपणावर टाकला, मारिहोतच्या समोर उकिडवा बसला आणि राखेचा मूठभर गोळा उचलला. चटईवरचा माणूस कढईला हात लावतोय! होतलानच्या हातातला डाव पडला. आमच्या बेटावर त्या डावाचा आवाज अजून ऐकवतात.

बराच वेळ दोघं घासत राहिले. मग तोगाप कढईतच बघत म्हणाला, "पोरीचं लग्न कधी आहे, लाए?"

अकरा वर्षांनी तो शब्द. मारिहोत घासायचा थांबला. चुलीपाशी पाठ करून बसलेली तिउर्माच म्हणाली, "तू मामा. तूच सांग."

"गुरुवार नको. गुरुवारी बाजार असतो."

"बरं, गुरुवार नको."

"आणि वाटे कोण पुकारणार?"

"आजीला विचारू," मारिहोत म्हणाला. "पुकारणारा त्यांच्या घरातला असावा."

तोगापने मान हलवली. मग तळाकडे बोट दाखवलं. "इथे घास. इथे अजून आहे."