पूल उघडला आणि साहेब उतरले

खाडीवरचा तो पूल मधोमध दुभंगून वर उचलला जायचा, आणि त्याला उचलणारा माणूस म्हणजे आपले पूलवाले काका. सगळी नोकरी त्यांनी पुलाच्या टोकाच्या केबिनमध्ये काढली. खालून एखादी शिडाची बोट भोंगा वाजवायची, काका वरून भोंग्यानंच उत्तर द्यायचे, फाटकं पाडायचे, गाड्या अडवायचे आणि लिव्हर ओढायचे. बोट ऐटीत समुद्राकडे निघून जायची. ती दिसेनाशी होईपर्यंत काका खिडकीतून बघत राहायचे. फाटकामागे हॉर्न बोंबलत असायचे, पण ऐकतंय कोण!

त्यांच्या मनानं एकच गोष्ट धरून ठेवली होती. एकदा, आयुष्यात एकदाच, हा पूल आपल्या शिडासाठी उघडावा. आपण खालून भोंगा वाजवावा, वर कुणीतरी लगबगीनं उठावं, आणि आपण मधून जावं. मग किनाऱ्या-किनाऱ्यानं, एकेका खाडीत मुक्काम करत, कसलीही घाई न करता फिरावं. सोबत कुत्रं असावं.

कुत्रं होतंच. पिल्लू असताना केबिनच्या पायऱ्यांवर कुडकुडत सापडलं आणि तिथलंच होऊन बसलं. भोंगा वाजला की असेल तिथून धावत यायचं, पायऱ्या चढायचं आणि लिव्हरशेजारी बसून काकांचं काम नीट चाललंय ना ते बघायचं. म्हणून त्याचं नाव पडलं साहेब. ऑफिसातल्या खऱ्या साहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी बरेच दिवस काकांशी अबोला धरला होता.

निवृत्त झाल्यावर काकांनी एक जुनी होडी घेतली. होडी कसली, काठी खोचलेलं टोपलं, असं काकूंचं मत. काकांनी ती घासली, रंगवली. शीड मात्र काकूंच्याच मशीनवर शिवलं गेलं, तेही काकूंनी तणतणत.

"उशांचे अभ्रे राहिलेत शिवायचे आणि मी हे काय घेऊन बसलेय! आणि मी येणार नाही हं, आत्ताच सांगून ठेवते. पाण्यावर माझ्या पोटात ढवळतं."

"तुला बोलावतंय कोण?" काका म्हणाले.

मशीन क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. काका बोलून गेले खरे, पण तो शब्द त्यांच्याच जिवाला लागून राहिला. परत घेणं काही त्यांना जमलं नाही. तसले धडे कुठल्या नोकरीत देतात!

होडी तयार झाली आणि बातमी आली, पूल कायमचा बंद. उंच बोटी आता येत नाहीत, गाड्या उगाच खोळंबतात. शनिवारी शेवटचा उघडायचा, मग बोल्ट मारून टाकायचे. होडी पुलाच्या आत, समुद्र पुलाच्या बाहेर!

"डोलकाठी उतरवा आणि खालून जा की, काका," नवा ऑपरेटर म्हणाला. "तुमची काठी तर निघते."

"चोरासारखं वाकून जाऊ? माझ्याच पुलाखालून?" काका उखडले. "शनिवारी उघडशील तो माझ्यासाठी."

शनिवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून सुकाणू धरून बसले. साहेब पुढे, होडीच्या टोकाशी उभा. काकू पुलाच्या अलीकडे कठड्याला टेकून बघत होत्या. होडी जवळ आली तसा काकांनी भोंगा वाजवला. वरून उत्तर आलं. फाटकं पडली, गाड्या थांबल्या, आणि पूल कुरकुरत वर उठू लागला. काकांना समोरचं काही दिसेना, इतके डोळे भरून आले.

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. साहेबानं पाण्यात उडी मारली होती.

त्याचं काय चुकलं हो? भोंगा वाजला म्हणजे ड्यूटी! पोहत पायऱ्यांपाशी गेला, अंग झटकलं आणि तडक केबिनमध्ये.

"साहेब! अरे गाढवा!" काकांचा आवाज फाटला.

"तुम्ही निघा, काका!" ऑपरेटर खिडकीतून ओरडला. "मी सांभाळतो त्याला! गाड्या थांबल्यात!"

ओहोटी होडीला पुढे ओढत होती. पूल पुरता उघडला होता आणि पलीकडे तो समुद्र, ज्याच्याकडे बघत काकांचे केस पिकले. वर काचेमागे एक ओलं डोकं लिव्हरकडे बघत होतं, दाराकडे बघत होतं. काका अजून कसे आले नाहीत वर?

काकांनी सुकाणू फिरवलं. वल्ही मारत, धापा टाकत ते धक्क्याला लागले. पाठीमागे पूल खाली येताना वाजला. तो आवाज ओळखायला त्यांना वळून बघायची गरज नव्हती.

केबिनमध्ये साहेब शेपूट हलवत बसला होता. काकांना रागावता येईना. "झालं रे काम. छान झालं," म्हणाले, आणि जुन्या स्टुलावर बसून हमसून हमसून रडले.

काकू धापा टाकत वर आल्या. "अहो, पुरे आता. काठी निघते ना ती?"

"निघते. पण एकट्याला पेलत नाही." काकांनी साहेबाच्या ओल्या पाठीवर हात ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "तू येशील? केव्हाचं विचारायचं होतं."

काकूंनी पदरानं आधी साहेबाचं डोकं पुसलं. "एवढी वर्षं लागली तोंडातून निघायला! लग्न झाल्यापासून या खिडकीतल्या तुमच्या पाठीला डबा देत आलेय मी."

दुसऱ्या दिवशी ते पुलाखालून गेले. डोलकाठी आडवी, तिचं टोक काकूंच्या मांडीवर, साहेबाच्या गळ्यात दोरी. भोंगा घरीच ठेवला होता. डोक्यावरून गाड्या धडधडत गेल्या, एकही थांबली नाही. खालून पूल कसा दिसतो ते काकांनी पहिल्यांदाच पाहिलं. गंज आणि पारव्यांची घरटी.

बाहेर पडल्यावर दोघांनी मिळून काठी उभी केली. शिडात वारा भरला, काकूंची शिवण टिकली. साहेब मात्र तोंड फिरवून केबिनकडे बघत बसला. काकाही बघत होते. खिडकीत कुणीच नव्हतं. हातातलं सुकाणू ढिलं पडलं, शीड फडफडू लागलं, तरी त्यांची मान वळेना.

पुढून काकूंचा आवाज आला, "अहो, तुम्ही दोघं मागे काय बघताय? समुद्र इकडे आहे!"