उलटं ओळखपत्र

कराडच्या स्टँडवर बेंगळुरूची गाडी लागली. आई, तू खिडकीशी येऊन म्हणालीस, "तिकडं आपल्याकडचं कुणी भेटलं तर तोंड उघडत जा. घुम्यासारखी बसू नकोस." एमडीला निघालेल्या डॉक्टरला आई बोलायला शिकवतेय, म्हणून मला हसू आलं. केवढा तोरा होता मला!

इथं येऊन मी तोंड मिटायला शिकले. वॉर्ड भरलेला, कन्नड मोडकंतोडकं, 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्या दोन शब्दांवर दिवस रेटायचा. त्यात मराठी नातेवाईक भेटला की गावापासून सुरू करतो आणि सोडत नाही. म्हणून मी गळ्यातलं ओळखपत्र उलटं ठेवायला लागले. आडनाव दिसायलाच नको.

साताऱ्याकडच्या एक काकू नवऱ्याला घेऊन आल्या. मुलगा इथंच बेंगळुरूत, मारतहळ्ळीला आयटीत, त्यामुळे दिवसभर उशाशी त्या एकट्याच. काकांच्या किडन्या बंद पडत चालल्या होत्या. एका सकाळी काकूंनी अडखळत हिंदीत विचारलं, लेक पुण्यात असते, बोलावून घेऊ का? बोलवायलाच हवं होतं. मराठीत बोलले असते तर खरं सांगावं लागलं असतं. हिंदीत 'देखते हैं, बेटे से बात करेंगे' म्हणून सुटले आणि पुढच्या कॉटकडे वळले. मुलाशी बोलायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेले. लेक संध्याकाळी पोचली.

कागदांवर सह्या घेताना काकू उभ्याउभ्याच सही करायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, बसा जरा." त्यांना नवल वाटलं नाही.

"तुम्ही आपल्याकडच्या, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आईशी फोनवर बोलत होतात ना. म्हटलं, पोरीला एवढं काम, कशाला त्रास द्यायचा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे आम्हाला पेशंटच्या घरच्यांशी कसं बोलावं याचं ट्रेनिंग झालं. समोर खोटा नातेवाईक बसवायचा आणि त्याला खोटी वाईट बातमी सांगायची. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मला मान वर करता येईना. आता ओळखपत्र सुलटं असतं. मी स्टूल ओढून बसते, गाव आधी मीच सांगते. त्यानं काकूंचं काही भरून येत नाही.

तू फोनवर विचारतेस, घरची आठवण येते का. येते गं. पण घर म्हटलं की हल्ली तुझ्या आवाजात एकच वाक्य ऐकू येतं, जे मी त्या सकाळी बोलायला हवं होतं: "काकू, लेकीला आजच बोलावून घ्या."