फोटो सरांचा, मजकूर माझा

"तुम्हाला काय वाटलं, मार्क बघून घेतलंय?"

सरांनी हे माझ्याकडे न बघताच विचारलं. समोर बिल्डर बसला होता. टेबलावर हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावाचा नकाशा पसरलेला, त्यावर एक तुकडा हिरव्या पेन्सिलीने रंगवलेला. महार वतनाची जमीन. मी इतकंच म्हणाले होते, की गावात जाऊन अंगठे गोळा करणं हे वकिलाचं काम नाही, त्यासाठी ऑफिसात क्लार्क आहेत. सर हसले आणि बिल्डरकडे वळले.

"अहो, आपला क्लार्क गेला तर ते लोक दारात उभं करत नाहीत. ही जाईल, जय भीम म्हणेल, चहा मिळेल. त्यासाठीच तर घेतलंय हिला."

बिल्डर हसला. मीही हसले. घाबरून हसले. त्या हसण्याची लाज मला त्या अपमानापेक्षा जास्त वाटते.

दोन वर्षं मी सरांच्या वकिली फर्ममध्ये होते. वडील खडकीच्या कारखान्यात फिटर. आमच्या वस्तीतली मी पहिली वकील. माझं व्हिजिटिंग कार्ड आईने देव्हाऱ्यात ठेवावं तसं बुद्धमूर्तीशेजारी ठेवलं होतं. फर्ममध्ये मात्र पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग कुणी काही विचारलं नाही. काचेच्या केबिनी, एसी, सगळे 'अहो-जाहो'त बोलणारे. आवाज चढवायची तिथे पद्धतच नव्हती. माणसाला जागा दाखवायची तर हळू आवाजात, हसत दाखवायची. आणि शहरातले सगळे मोठे वकील एकमेकांचे मित्र. सरांनी एक फोन केला असता तर मला पुण्यात कुणी दारात उभं केलं नसतं. हे मला माहीत होतं. सरांना तर होतंच.

तरी एका गोष्टीचा मला अभिमान होता. दर रविवारी एका मराठी पेपरात सरांचं सदर यायचं. त्या आठवड्यातले कोर्टाचे निकाल, नवे कायदे, सामान्य माणसाला कळतील असे सांगितलेले. वर सरांचा काळ्या कोटातला फोटो. खालचा मजकूर माझा. सगळा. मी तो आधी वडिलांना वाचून दाखवायचे. ते जिथे अडायचे तिथे मी वाक्य बदलायचे. सर फक्त एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचे आणि म्हणायचे, "बरं जमतंय तुम्हाला."

तर मी गेले. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. बिल्डरची गाडी, बिल्डरचाच ड्रायव्हर. पिशवीत कुलमुखत्यारपत्रं आणि शाईचं पॅड. वतनाची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून आधी मालकांकडून हा कागद घ्यायचा. एकदा त्यावर अंगठा उठला, की पुढच्या सगळ्या सह्या त्यांच्या वतीने बिल्डरच करणार. मालकाला पुन्हा विचारायचं काम नाही.

पहिलं घर विहाराच्या मागचं. गयाबाई नावाची म्हातारी, नवरा वारलेला, सातबाऱ्यावर तिचं नाव. मी जय भीम म्हणाले, सरांच्या ऑफिसातून आले असं सांगितलं. चहा आला. अगदी सर म्हणाले होते तसाच आला. मी कप तसाच खाली ठेवला.

मी पॅड उघडलं. तेवढ्यात गयाबाईंनी पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात पेपरचं एक कात्रण, घडीवर फाटत आलेलं. सरांचा फोटो. खाली माझी वाक्यं. 'कुलमुखत्यारपत्र देणं म्हणजे आपला हात दुसऱ्याच्या खांद्याला जोडणं. तो हात मग काय लिहील ते आपल्या हाती राहत नाही. आधी वकिलाला विचारा.' वडील अडले म्हणून तीन वेळा बदललेली वाक्यं.

"सुनेनं वाचून दावलं," गयाबाई म्हणाल्या. "ह्या सायबानं लिवलंय, इचारल्याबिगर सही करू नका. म्हून आजवर कुणाला अंगठा दिला न्हाई. आता तू त्यांच्याकडनंच आलीस. आन् आपली हायेस. दाव, कुठं करायचा?"

त्यांनी अंगठा पुढे केला. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी खरं लिहिलं होतं, म्हणून त्यांचा विश्वास बसला होता. आणि तोच विश्वास घेऊन मी त्यांच्याच दारात लुबाडायला बसले होते. सरांनी माझी जात वापरली, माझं लिखाण वापरलं. पण पॅड मी उघडलं होतं. मी.

मी ते बंद केलं.

"मावशी, हे त्या साहेबांनी नाही, मी लिहिलंय. आणि आज मी त्याच्या उलट करायला आलेय. अंगठा देऊ नका."

गयाबाईंनी अंगठा मागे घेतला.

"मंग तू आलीस कशाला?"

मी कागद पिशवीत भरले. मी उठले. गाडीत न बसता फाट्यापर्यंत चालत आले. कंपन्यांच्या बसगाड्या शेजारून धूळ उडवत जात होत्या, आणि प्रत्येक गाडीचा आवाज मागून आला की वाटायचं, बिल्डरचीच माणसं.

ऑफिसात सरांनी अंगठ्यांविना परत आलेले कागद पाहिले. मी काय केलं ते सांगितलं. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. अशिलाचा विश्वासघात म्हणतात याला, म्हणाले. सनद जाऊ शकते, म्हणाले. मग, "असो. रविवारचा लेख तेवढा ठेवून जा."

"लेख मिळणार नाही, सर."

माझा आवाज फाटला होता. पण वाक्य पूर्ण झालं.

आता माझ्या सनदेवर तक्रार दाखल झाली आहे. घरी फोन येतात, पलीकडून कुणी बोलत नाही. वडील म्हणतात, माफी माग, पोरी. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहते आहे. मीही घाबरले आहे. रस्त्यावर मागे वळून बघते, दाराची कडी दोनदा तपासते.

पण दर रविवारी बसने त्या गावात जाते. विहारात बसून कुलमुखत्यारपत्राचा तो कागद एकेका घराला वाचून दाखवते, ओळ न ओळ. गयाबाई येतात, मागे बसतात, माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. त्यांनी बोलावं असं मला वाटतं, पण मागायचा हक्क मी गमावला आहे. अजून सहा घरं राहिली आहेत. सनद काढून घ्यायची तर घ्या. त्या सहा घरांतल्या एकाही अंगठ्याला मी त्या कागदाची शाई लागू देणार नाही.