जायफळ घातलेली तुर्की कॉफी

लेकीला मागणी घालायला तुर्की माणसं घरी येणार म्हणजे नेमकं काय होणार, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

लेक मँचेस्टरला नोकरी करते, मुलगाही तिथेच. त्याचे आईवडील उत्तर लंडनमध्ये, आम्ही ब्रॅकनेलला. "आई, ते लोक फ्लॉवर्स आणतील, चॉकलेट आणतील, मग मी सगळ्यांना कॉफी देणार, मग त्याचे डॅड बाबांकडे मला मागतील," असं लेकीने फोनवर सांगितलं.

"आणि बाबा नाही म्हणाले तर?"

"बाबा कशाला नाही म्हणतील? तूच म्हणशील."

खरं तर मी नाही म्हटलं नव्हतं. पण हो सुद्धा म्हटलं नव्हतं. गेलं वर्षभर मी फक्त 'बघू' म्हणत होते. मुलगा घरी जेवून गेला होता, गोड बोलत होता, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत होता. पण गोड तर सगळेच बोलतात. तो पुण्याचा असता तर दोन फोन करून मी त्याच्या आजोबांपर्यंतची माहिती काढली असती. इथे चौकशी करायची कुणाकडे? धर्म वेगळा, त्याबद्दल विचारायचं तर कुठल्या तोंडाने, आणि नाही विचारायचं तर झोप लागत नव्हती. आमच्या ह्यांना विचारलं की "मुलगा बरा आहे" एवढंच. ह्यांना सगळेच बरे वाटतात.

रविवारी दुपारी ती मंडळी आली. आईवडील, मुलगा आणि त्याची मोठी बहीण. हातात हा एवढा गुच्छ, चांदीच्या ताटात चॉकलेटं, आणि त्याच्या आईने स्वतः केलेलं बोरेक, म्हणजे पातळ पोळ्यांच्या थरांमध्ये चीज घालून भाजलेलं. मी कांदेपोहे केले होते. मुलीला बघायला येतात तेव्हा पोहे करतात एवढंच मला माहीत होतं. त्याच्या आईने पोहे दोनदा मागून घेतले, मी बोरेक खाल्लं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसत राहिलो.

मग लेकीने प्रत्येकाला कॉफीत साखर किती ते विचारलं आणि आत गेली. आदल्या दिवशीच तिने लांब दांड्याचं छोटं भांडं आणि पिठीसारखी बारीक दळलेली कॉफी आणली होती. बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना, म्हणून मी आत डोकावले. ओट्यावर ट्रे तयार होता, इवलेसे कप भरलेले, आणि एका कपाच्या कानाला लाल रिबीन बांधलेली. लेक साडीच्या निऱ्या नीट करायला वर गेली होती. हा रिबिनीचा कप मुलाचा असणार, हे मी ओळखलं. निदान तोच चाखून बघावा म्हणून चमचा घातला. तळाशी सगळा चोथा! पोरगी कॉफी गाळायलाच विसरली होती. आणि चमचा तोंडात घातला मात्र, माझ्या अंगावर काटा आला. कॉफी खारट होती. खारट म्हणजे नुसती चव बिघडलेली नाही, समुद्राचं पाणी!

आमच्या घरात मीठ आणि साखर एकसारख्या डब्यांत असतात, आणि लेक स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी येते. झालं, मी म्हटलं, गेली अब्रू. बाकीचे कप चाखायचं धाडससुद्धा झालं नाही. सगळी कॉफी सिंकमध्ये ओतली, कप विसळले आणि माझ्या पद्धतीने दुसरी कॉफी ठेवली. दूध, भरपूर साखर आणि वरून जायफळ किसून. चहाच्या गाळणीने नीट गाळली, एक कणसुद्धा खाली राहू दिला नाही. रिबीन होती तशी ठेवली. ट्रे घेऊन दाराशी आले तोच लेक जिन्यावरून उतरली. मी ट्रे तिच्या हातात दिला. तिने कपांत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मला कृतज्ञतेचं वाटलं.

पुढे जे झालं ते मला काहीच कळेना. मुलाच्या बहिणीने मोबाइल काढून त्याच्यावर धरला. मुलाने लढाईला निघाल्यासारखा श्वास घेतला, डोळे मिटले आणि कप एका दमात रिकामा केला. मग त्याने डोळे उघडले. आधी गोंधळला, नंतर चेहरा पांढरा पडला. बहिणीने मोबाइल खाली घेतला. त्याच्या आईने एक घोट घेऊन कप बशीत ठेवला आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. आमचे हे तेवढे मिटक्या मारत होते. "आज झकास झालीय कॉफी," म्हणाले.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तू काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? मीठ घातलं होतंस तू त्यात!"

"ते मुद्दाम घातलं होतं! त्याच्या एकट्याच्याच कपात! दॅट्स द होल पॉइंट, आई!"

मग मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला आणि शांतपणे इंग्रजीत समजावलं. त्यांच्याकडे मागणी घालायला जातात तेव्हा मुलगी मुलाच्या कॉफीत मीठ घालते. त्याने तोंड वाकडं न करता ती संपवायची. बायकोच्या हातचं कडूगोड सगळं मुकाट्याने घेईल की नाही, ते त्यावरून बघायचं. "पण दुधाची कॉफी आली तर काय समजायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "माझा मुलगा घाबरलाय. त्याला वाटतंय, हा नकार आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्याहूनही वेगळंच काहीतरी आत हललं. मला बघायला आले होते तेव्हा मी चालून दाखवलं, गाणं म्हणून दाखवलं, पोहे मीच केले होते आणि त्यात मीठ बरोबर पडलंय की नाही या काळजीने तीनदा चाखून पाहिले होते. समोरच्या माणसाची परीक्षा घ्यायची असते हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मुलगा उठला. "आंटी, प्लीज, पुन्हा करू द्या तिला," म्हणाला.

लेक आत गेली, मी तिच्या मागे गेले. तिने नवी कॉफी उकळली, एक चमचा मीठ घातलं आणि थांबली. "अजून एक घाल," मी म्हणाले. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि घातलं. आम्ही दोघी हसलो की रडलो ते मला आता नीट आठवत नाही.

त्या मुलाने ती कॉफी प्यायली. एका दमात नाही, घोट घोट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मान ताठ होती, आणि प्रत्येक घोटानंतर तो लेकीकडे बघत होता. मलाच बघवेना. "पुरे रे बाबा, ठेव तो कप!" मी मराठीतच ओरडले. त्याला ते कळलं असेल की नाही देव जाणे, पण त्याने शेवटपर्यंत प्यायली.

मग त्याचे वडील सरसावून बसले आणि त्यांनी आमच्या ह्यांना आमची मुलगी मागितली. आमचे हे त्यांच्याकडे बघेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग."

मी लेकीकडे वळले. "तूच सांग ना. तुला काय वाटतं?"

"आई, मी तर वर्षापूर्वीच सांगितलंय," ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी थांबलीय."

सगळे माझ्याकडे बघत होते. चौकशी झाली नव्हती, धर्माचं विचारायचं राहिलंच होतं, त्याच्या आईशी मी धड चार वाक्यं बोलले नव्हते. मला काहीएक कळत नव्हतं, आणि मी हो म्हणाले.