पिशवीतलं दूध

राजारामपुरीच्या कोपऱ्यावर तो रोज संध्याकाळी म्हशी घेऊन येतो आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतो. नाव मी कधी विचारलं नाही. बोलणं भांडल्यासारखं, पण माप कायम थोडं वरच.

मागल्या वर्षी त्याची एक म्हैस चारा खाईना. डॉक्टरांनी पोट उघडलं, तर आत कॅरीबॅगांचा हा एवढा गोळा. म्हैस वाचली नाही. तेव्हापासून त्यानं पिशवीत दूध देणं बंद केलं.

"पावणं, भांडं आणा की! पिशवी मिळायची न्हाय."

गिऱ्हाइकं हसायची आणि पलीकडच्या गवळ्याकडं जायची. तो गवळी पिशवीत द्यायचा. आमच्या कॉलनीला प्लॅस्टिकबंदीची शपथ देणाऱ्या बाईसुद्धा तिकडंच गेल्या. "ऑफिसातून येताना भांडं कुठं मिरवू?" म्हणाल्या. हा मात्र उरलेलं दूध घेऊन घरी जायला लागला.

काल मी किटली घेऊन गेलो, तर त्याच्या सायकलच्या हँडलला नव्या पिशव्यांचा जुडगा लटकत होता. माझी नजर तिकडं गेलेली त्यानं पाहिली.

"बंदी सरकारनं केली आन् पाळली मी एकट्यानं," तो म्हणाला. "किती दीस पाळू, सांगा की?"

मी किटली पुढं केली. तेवढ्यात मागची म्हैस काहीतरी चघळायला लागली. त्यानं तिच्या जबड्यात हात घालून चिखलानं माखलेली पिशवी ओढून काढली, हात टॉवेलला पुसला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नव्या पिशवीत दूध ओतून गाठ मारून दिलं.