ट्रेपुढचा पहिला प्रश्न

माझ्या धाकट्या भावासारखा चिखल निवडणारा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. मी स्वतः मोटारी गुंडाळतो. जळालेल्या मोटारीची तार काढायची, नवी भरायची, पंप पुन्हा चालू. माझ्या हातची मोटार परत जळून आली असं कुणी सांगावं, त्या दिवशी दुकानाला कुलूप लावीन. शाळा सातवीत सुटली, पण चांगलं काम कशाला म्हणतात ते मला कळतं. म्हणून सांगतो.

घरात त्याला गोगल म्हणतात. गोगलगायीतला गोगल. लहानपणी सगळ्यांची ताटं घासून व्हायची तरी याचा घास गालातच. शाळेच्या वाटेवर भिंतीला गोगलगाय दिसली की ती कोपरा गाठेपर्यंत हा तिथेच उभा. मी अर्ध्या वाटेतून परत फिरायचो आणि कान धरून आणायचो. आई म्हणायची, "अरे, कान लांब होईल त्याचा." कान होता तेवढाच राहिला. नजर मात्र तयार झाली.

त्याच नजरेवर त्याला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. नदीच्या, नाल्याच्या तळाचा चिखल बादल्यांतून यायचा. तो पांढऱ्या ट्रेत पाणी घालून पसरायचा आणि त्यातला एकेक जीव चिमट्याने उचलून काचेच्या वाट्यांत टाकायचा. एका जातीला एक वाटी. कुठली वाटी भरली आणि कुठली रिकामी राहिली, त्यावरून ते पाणी जिवंत की मेलेलं ते ठरायचं. लग्न त्याने केलं नाही. आमच्यातच राहिला.

मला त्याने हे सगळं जेवताना शिकवलं.

"दादा, पहिला प्रश्न एकच. पाठीत हाड आहे का?"

"चिखलात कसलं हाड, वेड्या?"

"मासा असतो, बेडकाचं पिल्लू असतं. ते आपलं नाही, बाजूला. हाड नसलेले सगळे आपले. मग पाय बघायचे. सांधे असलेले पाय सहा असले तर कीटक, आठ असले तर कोळ्याच्या भाऊबंदातला, त्याहून जास्त आणि कवच असलं तर खेकडा-कोळंबीचं खानदान. पाय नाहीत, अंग मऊ, वर शंख नाहीतर शिंपला, तर गोगलगायीची वाटी."

"म्हणजे तुझी."

"माझी. अंगावर वळ्या असतील तर गांडूळ नाहीतर जळू. रिबिनीसारखा चपटा तो वेगळा, दोऱ्यासारखा गोल तो वेगळा."

काही लबाड असतात, म्हणायचा. एक लालभडक अळी असते, तुम्ही-आम्ही गांडुळाचं पिल्लूच म्हणू. पण तिचं डोकं वेगळं आणि कडक असतं, ती कीटकांत जाते. दुसरी एक अळी वाळूचे कण चिकटवून नळी करते आणि त्या नळीत राहते. नवा माणूस तिला काडीकचरा समजून फेकून देतो. गोगल नळी उचलून पाण्यात धरायचा आणि वाट बघायचा. सहा पाय बाहेर येईपर्यंत. वाट बघणं ही त्याची जन्माची विद्या.

पुढे तीच नळी तो फेकू लागला. जवळ बसणाऱ्या नव्या मुलीने बघितलं. बेसिनच्या जाळीवर नळ्यांचा ढीग, आणि प्रत्येक नळीत अळी. ती बिचारी कुणाला बोलली नाही, तिने त्या गुपचूप वेचून वाटीत घातल्या. मग गांडुळांच्या वाटीत लाल अळ्या निघाल्या. मग एक दिवस हा स्वतःचं टेबल सोडून दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन बसला आणि त्यालाच उठ म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, थांबवता येत नाही, वाढत जातो. मी म्हटलं, "साहेब, तो लहानपणापासूनच सावकाश आहे." डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे बघितलं.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. बाई चांगली. म्हणाल्या, "दादा, त्यांना आता घरी राहू द्या. मी रीतसर निरोप देते, सगळ्यांदेखत, मानाने."

"मान त्याने कमावलेलाच आहे," मी म्हटलं. "काम करतो की नाही ते बघा. ट्रे ठेवा त्याच्यापुढे, बोलवा सगळ्यांना. डोळे मिटून निवडून दाखवेल."

"नको, दादा. कशाला?"

"चुकला तर मी स्वतः हात धरून घरी नेतो."

त्या बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या. शेवटी सोमवारचं ठरलं.

मी दुकान बंद ठेवून तयारीला लागलो. कुंडीखालून गांडूळ, नळामागून कोळी, ओलाव्यातली गोगलगाय, मुंगळा, ढीगभर पायांचा पैसा किडा. सगळं एका ताटात, भोवती वाट्या.

"माझं ताट?" बायको म्हणाली.

"धुऊन देतो."

"तुम्ही? चाळीस वर्षांत एक चमचा धुतला नाहीत."

गोगल हसला. ताट पुढे ओढून त्याने चिमटा धरला आणि सगळं निवडलं. पैसा किड्यापाशी थोडा अडला, मग त्याला वेगळी वाटी मागितली. बरोबरच होतं. मी बायकोकडे बघितलं.

"आज जमलं," ती हळूच म्हणाली. "सकाळी मला विचारत होते, वहिनी, तुम्ही कुणाकडे उतरलात?"

"थट्टा केली असेल."

"हो," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

सोमवारी मी त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. प्रयोगशाळेत सगळे टेबलाभोवती उभे होते. मॅडमनी सोपा ट्रे दिला होता, हे मलाही कळलं. मोठे जीव, चिखल कमी. वाट्या ओळीने मांडलेल्या.

गोगल बसला. चिमटा हातात आल्यावर त्याची बोटं अशी स्थिर झाली की माझी छाती फुगली. त्याने जळू उचलली, उजेडात धरली. "हाड आहे का? नाही," म्हणाला आणि पहिल्या वाटीत टाकली. मग शंख उचलला. "हाड आहे का? नाही." त्याच वाटीत. मग कोळंबी. नव्या मुलीने दुसरी वाटी हलकेच त्याच्या बोटांजवळ सरकवली. त्याने ती नीट जागेवर ठेवली आणि कोळंबी पहिल्याच वाटीत टाकली. पाण्यातला किडा, गांडूळ, लाल अळी. प्रत्येकाला उजेडात धरायचा, प्रत्येकाला तेच विचारायचा, आणि तीच वाटी. घाई नाही, गडबड नाही. शेवटी बेडकाचं पिल्लू आलं. "हाड आहे का? आहे," म्हणाला आणि बाजूला ठेवलं. ट्रे रिकामा झाला. बाकीच्या वाट्या कोरड्या.

सगळे त्या एकाच वाटीकडे बघत होते.

"चुकलं कुठे?" मी म्हटलं. "त्या वाटीत एकाला तरी हाड आहे का, दाखवा."

"नाही, दादा," मॅडम म्हणाल्या.

"मग?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी. गोगलने माझ्याकडे बघितलं, शाळेच्या वाटेवर बघायचा तसं. "दादा, झालं ना? निघायचं?"

मी त्याचा हात धरला आणि घरी आणलं. हार-नारळ मी घेऊ दिला नाही.

आता दुकानातून आलो की मी नाल्यावर जाऊन डबाभर चिखल आणतो. ताट आता त्याचंच झालंय, बायको मागत नाही. वाटीही एकच ठेवतो. तो एकेक उचलतो, विचारतो, टाकतो. ताट रिकामं झालं की मी वाटी परत ताटात ओततो आणि तो पहिल्यापासून सुरू करतो. त्याची तक्रार नाही. या वयात इतका स्थिर हात कुणाचा असेल तर आणून दाखवा.

काल त्याने गोगलगाय उचलली. उजेडात धरली आणि धरूनच बसला. शिंगं बाहेर आली, आत गेली. तो काही विचारेना. मी थांबलो. त्याच्याकडून शिकलोय, वाट बघता येते मला. मग राहवलं नाही.

"गोगल, हाड आहे का?"

त्याने गोगलगायीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. काय म्हटलं म्हणजे मला बरं वाटेल, ते शोधत राहिला.

"आहे," म्हणाला.

मी म्हटलं, "बरोबर."